डाव्या बाजूची शांतता

ता. ४ फेब्रुवारी

भाऊजींस,

वर मायना नाही तो विसरून राहिलेला नाही. काय घालावा ते ठरेना, म्हणून जागा सोडली.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी आठ दिवस होती. तुमची लेक रोज ऑफिसातून सुटली की इकडे यायची, औषध घालायची, भांडी आवरायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काकू, नुसती पडून राहतेस, काहीतरी वाचून दाखवते." मी पोथी काढायला सांगितली. ती म्हणाली, "पोथी तुला पाठ आहे. माझ्याच चुका काढत बसशील." आणि कपाटातून तुमचं पुस्तक काढून घेऊन आली.

बावीस वर्षं ते तुम्ही दिलेल्या कागदात तसंच गुंडाळलेलं होतं. कागद चांगला आहे म्हणून फाडला नाही, असं मी लोकांना सांगते. ज्या किनाऱ्याच्या सफरीवरून माझा माणूस परत आला नाही, त्या किनाऱ्याचं वर्णन मला नको होतं, हे खरं कारण. ह्यांच्या मागे वर्षभराने तुम्ही त्याच वाटेने ह्यांच्याच सायकलवरून एकटे जाऊन आलात, पुस्तक लिहिलंत, लोकांनी डोक्यावर घेतलं. मला त्याचा अभिमानच होता, लांबून.

पोरगी वाचत होती, मी ऐकत होते. एका जागी मी म्हटलं, "थांब. पुन्हा वाच."

"उजव्या हाताला समुद्र दिवसभर बोलत असतो, आणि डाव्या हाताला शांतता, कुणी मोठं घर बंद करून निघून जावं तशी." वाचून म्हणाली, "काकू, हेच वाक्य शेवटच्या टेकडीवर दगडात कोरणार आहेत. बाबांच्या नावासकट."

भाऊजी, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ह्यांना मोठा ताप आला होता. त्यात डावा कान गेला. पुरता गेला. नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात, कळलं असतं तर घरी बसवलं असतं. म्हणून ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, देवाला धरून तिघांना. मी चौदा वर्षं ह्यांच्या उजव्या बाजूने चालले. पाहुणे आले की कोण कुठे बसेल ते मीच बघायची. समुद्र उजवीकडे राहावा, ऐकू यावा, म्हणून तर हे उत्तरेकडून खाली निघाले होते.

तुमचे दोन्ही कान शाबूत आहेत. तुमची डावी बाजू कशी बंद झाली?

ह्यांची लिहायची वही होती. शेवटच्या मुक्कामी हे तापाने पडले तेव्हा आणायला तुम्ही गेला होतात. "सायकल आणि दोन कपडे, बाकी काही नव्हतं," असं तुम्ही मला दारात सांगितलंत.

आणखी एक. तुम्ही तुमची सफर करून आलात तेव्हा सायकल मी पुसली होती. स्पोकांवर मिठाचा कण नव्हता. मला वाटलं, केवढा टापटिपीचा माणूस. तुमच्या पायांना लावायला तेल गरम केलं होतं मी.

उत्तराची वाट बघते.

वहिनी

*

ता. ९ फेब्रुवारी

ती. वहिनी,

पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. डोळ्यांवर पट्टी असली की माणूस नको ते बघतो. काही दिवस विश्रांती घ्या, पोरीला रोज पाठवीन.

तुम्ही ज्या वाक्यावर अडलात ते रूपक आहे. डावी बाजू म्हणजे हृदयाची बाजू. दादा गेला आणि माझ्या हृदयाशी जी पोकळी पडली तिची ती शांतता. या एका वाक्यावर जाणत्या लोकांनी तीन तीन पानं लिहिली आहेत. त्यांना कुणालाही त्यात कानाचा आजार दिसला नाही.

आणि दादाच्या कानाचं म्हणाल, तर मी त्याचा सख्खा भाऊ. मला कळलं नसतं? तुमची काहीतरी गल्लत होते आहे.

वही नव्हती. असती तर तुम्हाला दिली नसती का? तुम्ही रोज जप करता, पहाटे उठता, मुंगीलाही लागू देत नाही. असा संशय तुमच्या मनात यावा याचंच आश्चर्य वाटतं.

नव्या आवृत्तीची गडबड चालू आहे. दगडाचा समारंभ बारा एप्रिलला. तुमच्यासाठी गाडी पाठवीन. पहिल्या रांगेत बसायचं.

तुमचा धाकटा दीर

*

ता. १३ फेब्रुवारी

भाऊजींस,

मी मॅट्रिक झालेली बाई. रूपक मला कळतं, त्यावर मार्क मिळाले होते.

कानाच्या डॉक्टरांचा कागद माझ्याजवळ आहे. मी कागद टाकत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यावरून तुम्ही घरभर हसवलंय लोकांना.

डोळे बरे झाल्यावर पुस्तक मी स्वतः वाचलं. पान बावन्न. "मिठागरं म्हणजे आभाळ चौकोनी कापून वाळत घातलंय, दोघांनी दोन टोकं धरून चादर पिळावी तसं आधी त्यातलं पाणी काढून." ही उपमा ज्याने बायकोबरोबर चादर पिळली आहे त्यालाच सुचते. तुम्ही घरात कधी रुमाल तरी पिळलाय? आमच्या मोरीत चादर पिळताना हे आपल्या टोकाला उलटा पीळ द्यायचे, मी ओरडायची.

दगडाची सभा भरवणाऱ्या मंडळींना मी पत्र लिहिलं आहे. डॉक्टरांच्या कागदासकट पाकिटात घालून देवाच्या तसबिरीमागे ठेवलं आहे. तिकीट लावलेलं आहे. ते टाकू नये असं वाटत असेल तर एक करा.

सायकल माझ्याकडे आहे. टायर नवे घालून ठेवते. पुस्तकात सात मुक्काम आहेत. त्याच वाटेने, त्याच मुक्कामांनी, एकट्याने जा. दर मुक्कामाहून मला एक पत्र टाका, त्या गावचा शिक्का असलेलं. दिवसभरात डावीकडे काय होतं आणि उजवीकडे काय होतं ते लिहा. तुमचं तुम्ही लिहा. सातवं पत्र हातात आलं की मी पाकीट फाडीन. देवापुढे बसून लिहिते आहे, शब्द मोडणार नाही.

तुम्ही एकदा गेलाच आहात. वाट ओळखीची असेल.

वहिनी

*

ता. १८ फेब्रुवारी

वहिनी,

मी एकसष्ट वर्षांचा आहे. डाव्या गुडघ्यात पाणी होतं, मागच्या वर्षी काढलं. सायकलवर बसून किती वर्षं झाली ते आठवत नाही. तुम्हाला हे सगळं माहीत आहे. याला सूड म्हणतात. देवाचं नाव घेऊन सूड घेताय.

एक तारखेला निघतो. पोरीला "जुन्या वाटेची पुन्हा भेट" म्हणून सांगितलं आहे, तिला तेवढंच राहू दे. एवढी एक विनंती.

*

ता. २० फेब्रुवारी

भाऊजींस,

होय, सूडच आहे. नाव बरोबर घेतलंत. देवाला मी आधी सांगितलं आहे, त्याच्यापासून लपवून काही करत नाही.

सायकल पोरीबरोबर पाठवली. ब्रेक नवे आहेत, घंटी जुनीच. सायकलवाल्याने विचारलं, "कोण जाणार?" मी म्हटलं, "माझा दीर." तो म्हणाला, "बसायची गादी तरी मऊ घाला." मी म्हटलं, "आहे तीच असू दे."

पिशवीत गुडघ्याचा पट्टा आहे आणि तेलाची बाटली. मागच्या खेपेला मी लावलं होतं. आता तुमचं तुम्ही लावा.

वहिनी

*

पहिला मुक्काम, तरीचं गाव
ता. २ मार्च

ती. वहिनी,

निघालो. खाडीच्या मुखाशी समुद्राने मला पाहिलं आणि जुना मित्र भेटावा तसा तो फेसाळून हसला. निळाई अशी की शब्द थिजावेत. उजवीकडे अनंत, डावीकडे अंतर्मुख झालेली धरती. क्षितिजावर एक एकाकी शीड, माझ्याच आत्म्यासारखं. वाऱ्याने कानात काही जुनं सांगितलं.

प्रकृती उत्तम. गुडघा बोलत नाही. लोक ओळखतात, तरीच्या नावेतल्या एका शिक्षकाने सही घेतली.

तुम्हाला वाटत असेल मी खचेन. मी प्रवासी आहे, वहिनी.

तुमचा दीर

*

ता. ५ मार्च

भाऊजींस, तिसऱ्या मुक्कामाच्या पोस्टात हे मिळेल.

पहिलं पत्र पोचलं. मी ते भाजी निवडताना वाचलं आणि भाजीतच लक्ष राहिलं.

समुद्र हसला म्हणता. पुस्तकात बघा, एकशे ऐंशी पानांत समुद्र एकदाही हसत नाही. तो पाय धुतो, वस्तू आणून टाकतो, परत नेतो, दम खातो. ह्यांनी त्याला कामाला लावलंय. आणि तरीबद्दल पुस्तकात काय आहे? "तरीवाला सुटे पैसे तोंडात धरतो, म्हणून कुणाशी बोलत नाही." एवढंच आहे. पण तो माणूस मला दिसतो. तुमचं शीड मला दिसलं नाही. आत्म्यासारखं होतं म्हणता, कुठल्या रंगाचं होतं?

आज दुसरंही आलं, त्यात तुम्ही चंद्राबद्दल दीड पान लिहिलंय. मी पंचांग पाहिलं. त्या दिवशी अमावास्या होती.

वहिनी

*

तिसरा मुक्काम, मिठागरांचं गाव
ता. ९ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र पोस्टातल्या बाईने दिलं तेव्हा मी बाकावर आडवा पडलो होतो. ती म्हणाली, "आजोबा, पाणी देऊ का?" मला आजोबा म्हणणारी ती पहिलीच.

डावीकडे शांतता नाही. डावीकडे खडी फोडतात. साडेतीन मैल खडीचं यंत्र आहे, ट्रक आहेत, नंतर एक शाळा आहे, तिथे पाढे म्हणतात, नंतर कुत्री. कुत्री माझ्या मागे लागली, मी सायकलवरून उतरून चालत गेलो. खडीवाल्याला विचारलं, "हे यंत्र केव्हापासून आहे?" "माझ्या बापाच्या वेळचं. चाळीस वर्षं झाली." मी म्हटलं, "बावीस वर्षांपूर्वी इथे शांतता होती असं ऐकलंय." तो हसायला लागला. त्याने बायकोला हाक मारून सांगितलं, "अगं, हे बघ काय म्हणताहेत."

पुस्तकात याच वाटेवर ते वाक्य आहे. मी त्याच वाटेवर उभा होतो आणि माझ्या तोंडात खडीची धूळ होती.

चंद्राचं खोटं होतं. शिडाचंही खोटं होतं, शीड नव्हतंच.

तुम्हाला पाहिजे ते लिहितो. त्या वर्षी मी समुद्रावर गेलो नाही. घाटावरच्या एका विश्रामगृहात वीस दिवस खोली घेतली होती. सायकल जिन्याखाली ठेवली. दादाची वही पुढ्यात घेऊन सकाळी नऊ ते बारा नक्कल करायचो. रोज दुपारी तासभर गच्चीत उन्हात बसायचो, तोंड काळवंडावं म्हणून. निघायच्या दिवशी पायांना माती लावली. तुम्ही तेल लावलंत ते त्या पायांना.

मिठागरं चादरीसारखी दिसतात की नाही ते मला सांगता येत नाही. मला ती तशीच दिसतात, कारण मी ते वाक्य हजार लोकांसमोर वाचलंय. स्वतःचं काही दिसेना म्हणून एक तास कडेला बसलो. मग वाटलं, हा खूप मोठा ओला चौक आहे आणि मला तहान लागली आहे. एवढंच सुचलं.

पोरीला कळू देऊ नका. पुन्हा एकदा विनवतो.

*

ता. १२ मार्च

भाऊजींस,

तिसरं पत्र दोनदा वाचलं. मातीचं वाचून उठले, देवापुढे बसले, मन लागेना, परत उठले. स्वयंपाकघरातली सगळी डब्यांची फडताळं पुसून काढली. मग हात धुवून हे लिहायला घेतलं.

वीस दिवस मी तुमच्यासाठी नेम धरला होता. समुद्राच्या वाटेने एकाला नेलं, दुसऱ्याला सुखरूप आणावं म्हणून. एक वेळ जेवत होते. तुम्ही गच्चीत बसला होतात.

मला वाटलं होतं, कबुली आली की बरं वाटेल. वाटलं नाही. उलट भूक वाढल्यासारखं झालं. म्हणजे सूड ही काय चीज आहे ते आता मला कळायला लागलंय. आपल्याला थांबता येईल असं वाटतं, आणि आपण आणखी वाढून घेतो.

तेव्हा थांबू नका. चार मुक्काम राहिलेत. गुडघा दुखत असेल. दुखू दे.

वहिनी

*

पाचवा मुक्काम, दीपगृहाच्या खाली
ता. १७ मार्च

वहिनी,

चौथं पत्र चार ओळींचं होतं याबद्दल रागावू नका. घाटीवर सायकल ढकलत नेली, हात चालत नव्हते.

परवा उतारावर पडलो. फार लागलं नाही, कोपर आणि चष्म्याची एक काच. एक कोळीण टोपली घेऊन येत होती, तिने हाताला धरून उठवलं. म्हणाली, "घरी कुणी नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, "आहेत, त्यांनीच पाठवलंय." तिने सायकल उचलून उभी करून दिली आणि टोपली घेऊन निघून गेली.

काल एक केलं. डाव्या कानात कापूस घातला, वर मेण लावलं, आणि दिवसभर तसाच चालवत आलो. तुमच्या पहिल्या पत्रावर मी विश्वास ठेवला नव्हता, हे आता खरं सांगतो. दादाचा कान गेलेला होता हे मला खरोखरच माहीत नव्हतं. ते रूपक आहे असंच मी इतकी वर्षं समजत होतो, आणि लोकांना समजावतही होतो.

कापूस घातल्यावर अर्धं जग निघून जातं. ट्रक अंगावरून गेल्यावर कळतो. डावीकडून कुणी हाक मारली तर कळतच नाही. एका मुलीने तीनदा हाक मारली, माझा पट्टा पडला होता, शेवटी ती पळत पुढे येऊन उभी राहिली. मग मात्र उजवीकडचा समुद्र जवळ येतो. फार जवळ. आपल्याशीच बोलतोय असं वाटायला लागतं. दादाला तसंच वाटत असणार. मी एका वाक्यापुरता त्याच्या जागी बसलो आणि मला ते सोसलं नाही. कापूस काढून टाकला.

आज उजवीकडे: पाणी, करडं, कुठेच न पोचणारं. डावीकडे: एका घराच्या ओट्यावर शिवणयंत्र चालू होतं, त्याचा आवाज मला बराच वेळ पुरला.

तुमचा दीर

*

ता. २० मार्च

भाऊजींस,

कापसाचं वाचलं. डावीकडून बोललेलं ऐकू आलं नाही तर लोक रागावतात, ह्यांचं हेच दुःख होतं. लोकांना वाटायचं, माणूस गर्विष्ठ आहे, बोललेलं मनावर घेत नाही. ऑफिसात दोन साहेब त्यावरून कायमचे तुटले. मी म्हणायची, सांगून टाका. हे म्हणायचे, "दोन साहेब परवडले, नोकरी जाणं परवडत नाही."

शिवणयंत्राचं वाक्य बरं आहे. बरं आहे म्हणून सांगते, तुम्ही खूष व्हावं म्हणून नव्हे.

पाकीट अजून तसबिरीमागेच आहे.

वहिनी

*

सातवा मुक्काम, टेकडीखालचं लॉज
ता. २५ मार्च

वहिनी,

पोचलो. दगड वर आणून ठेवला आहे, गोणपाटात बांधलेला. मी वर गेलो नाही.

तेच लॉज आहे. जुनी मालकीण वारली, सून बघते. मी दादाचं सांगितलं. ती म्हणाली, "सायकलवाले? सासूबाई नेहमी सांगायच्या. त्या खोलीत आम्ही आता अंथरुणं ठेवतो." किल्ली दिली. गाद्यांच्या चळतीमागे पलंग तसाच आहे. पलंगाची उजवी बाजू भिंतीला लागून आहे. खुर्ची ठेवायला जागा डावीकडेच आहे. मी उभा राहून ते पाहिलं आणि मला कळलं, की हे पत्र लिहिल्याशिवाय सुटका नाही.

तुम्हाला मी सांगितलं होतं की मी पोचलो तेव्हा दादा शुद्धीवर नव्हता. तो शुद्धीवर होता. दुपारची वेळ होती. तो उशीला टेकून भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी त्या खुर्चीवर बसलो. सफरीला निघताना मी त्याला माझ्या कवितांची वही दिली होती, वाटेत वाच म्हणून. तो तापाने फणफणला होता आणि मला दुसरं काही सुचेना. मी विचारलं, "दादा, वाचल्यास का?" तो गप्प. मी म्हटलं, "कशा आहेत ते खरं सांग, मला वाईट वाटणार नाही." तो गप्प. मी तिसऱ्यांदा विचारलं, "एकही बरी नाही का?" त्याने भिंतीवरचं बोटही हलवलं नाही. मी अडतीस वर्षांचा होतो. माझ्या सगळ्या लिहिण्यावरचा तो निकाल आहे असं मी धरलं. थोड्या वेळाने त्याने कूस बदलली, मला पाहिलं आणि म्हणाला, "अरे, तू कधी आलास?"

मला वाटलं, सोंग करतोय. मला लाजवू नये म्हणून ऐकलंच नाही असं दाखवतोय. त्या दयेचा मला इतका राग आला वहिनी, की तेवढा राग मला पुन्हा कधी आला नाही.

मग त्याने उशाखालून वही काढली. म्हणाला, "ही तिला दे. अक्षर तिचं चांगलं आहे, स्वच्छ नक्कल करील. चुकाही काढील." दुसऱ्या सकाळी तो गेला.

परतीच्या वाटेवर मी ठरवलं, तू माझं वाचलं नाहीस, तुझंही कुणी वाचणार नाही. वही ट्रंकेच्या तळाशी टाकली. आठ महिन्यांनी ती उघडली आणि रात्रभर वाचली. इतकं चांगलं होतं की ते कुणी वाचू नये हेही मला सोसेना. म्हणून मी ते माझ्या नावाने लोकांना दिलं. तेवीस वर्षं मी त्या खुर्चीवर बसून आहे. आज कळलं, की मी त्याला विचारलंच नव्हतं. मी भिंतीला विचारलं होतं.

वही वेगळ्या पार्सलने पाठवली आहे. ती तुमची.

एक मागणं आहे. हे पत्र लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. जन्मात पहिल्यांदा मला माझं लिहिलेलं माझं वाटलं. नव्या आवृत्तीत दादाचं नाव मीच घालायला सांगणार आहे, आणि प्रस्तावना म्हणून हे पत्र जसंच्या तसं लावावं असं मनात आहे. समारंभातही हेच वाचीन. लोकांना कळेल की मी काय केलं, आणि कदाचित हेही कळेल की मलाही लिहिता येतं. नक्कल ठेवलेली नाही, पुन्हा असं उतरणार नाही. तेव्हा हे पत्र वाचून झालं की परत पाठवा.

तुमचा धाकटा दीर

*

ता. ३ एप्रिल

भाऊजींस,

सातवं पत्र आणि पार्सल एकाच दिवशी आलं. ठरल्याप्रमाणे तसबिरीमागचं पाकीट फाडलं. तिकीट आधी सोडवून घेतलं. सभेच्या मंडळींना माझ्याकडून एक अक्षर जाणार नाही.

मग वही उघडली. तीन दिवस लागले. काही ठिकाणी चुका आहेत, त्या काढल्या.

चौथ्या दिवशी प्रकाशकांना बोलावून घेतलं. बाहेरच्या खोलीत गाद्या पसरल्या होत्या, म्हणून स्वयंपाकघरात बसवलं. त्यांच्यासमोर वही ठेवली, पुस्तक ठेवलं, आणि तुमची सहा पत्रं ठेवली, सहीशिक्क्यासकट. मी तोंडाने काही सांगितलं नाही. ते दीड तास वाचत होते. चहा गार झाला, मी दुसरा केला नाही. शेवटी म्हणाले, "वहिनी, हे छापायला हवं." मी म्हटलं, "सगळंच छापा."

तेव्हा नवी आवृत्ती ह्यांच्या नावाने निघेल. आणि मागे जोडून, "त्याच वाटेवरून धाकट्या भावाची सहा पत्रं", तुमच्या पूर्ण नावाने. शीड, हसणारा समुद्र, अमावास्येचा चंद्र, काही गाळायचं नाही असं मी बजावलं आहे. तुमचं स्वतःचं लिहिलेलं शेवटी छापून येतंय. लोक आधी ह्यांचं वाचतील, मग पान उलटून तुमचं.

नक्कल करायला माणूस हवा होता. तुमच्या लेकीला सांगितलं. तुम्ही दोनदा विनवलं होतंत, मी दोन्ही वेळा उत्तर दिलं नव्हतं, ते तुमच्या लक्षात आलं नसेल. तिसरं पत्र उतरवून झाल्यावर ती भांडी घासायला गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. मी जाऊन नळ बंद केला. ती म्हणाली, "काकू, तुला हे सगळं करून बरं वाटतंय का?" मी म्हटलं, "नाही." म्हणाली, "मग?" मी म्हटलं, "चौथं पत्र लहान आहे, ते उतरव, मग जेवू."

आता सातव्या पत्राचं.

ते मी देवापुढे बसून वाचलं. पुन्हा वाचलं. ह्यांचं बोट भिंतीवर दिसलं मला. तुम्ही ज्या खुर्चीवर बसलात तिच्यावरून तुम्हाला उठवावं आणि पलीकडे न्यावं असं वाटलं, पण पलीकडे भिंत आहे. रडलेही. तुमच्यासाठी की ह्यांच्यासाठी ते ठरलं नाही. पत्र चांगलं आहे, भाऊजी. तुम्ही आयुष्यात लिहिलेलं तेवढंच एक चांगलं आहे. त्यात एक शब्द इकडचा तिकडे करायला नको.

म्हणून ते मी प्रकाशकांना दाखवलं नाही. त्यांनी विचारलं, "मुक्काम सात आणि पत्रं सहाच?" मी म्हटलं, "सातवं माझं आहे."

ते परत येणार नाही. नक्कलही मिळणार नाही. पोरीनेही ते पाहिलेलं नाही. तुम्हाला आठवून पुन्हा लिहून काढायचं असेल तर बसा, पण तुम्हीच म्हणता की पुन्हा तसं उतरणार नाही, आणि त्या बाबतीत माझा तुमच्यावर विश्वास आहे.

ह्यांची वही तेवीस वर्षं तुमच्याकडे होती. आज मी एकोणसाठ वर्षांची आहे. तेवीस वर्षं झाली की मागायला या.

वहिनी